डब्याच्या तळाशी

ऑर्विलने आपल्या वडिलांची रायफल मुलाला, क्लेटनला दिली, तेव्हाच तिची काडतुसं बाजारात मिळेनाशी झाली होती. म्हणून दर हिवाळ्यात म्हातारा ऑर्विल दुसऱ्या मापाच्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या घेऊन बसे. जाळावर धरून त्यांना मऊ करी, या रायफलीत बसावी म्हणून साच्यात दाबून तोंडाकडची मान बारीक करी, वाढलेला काठ कापी. तिनातली एक तरी तडकायचीच. चांगल्या वीस निवडून तो क्लेटनला पाठवायच्या डब्यात भरी आणि तळाशी चिठ्ठी ठेवी, "बाळा, पुढल्या मोसमाला शिकारीला घरी ये."

मोसम संपला की क्लेटनचा शहरातून फोन येई. "डॅड, आजोबांच्या रायफलीने यंदाही एल्क हरीण पाडलं बघ. अजून वीस पाठव."

"तूच ये की घ्यायला."

"बघतो. कामातून मान वर होत नाही."

यंदा फोन आला नाही. दारात एक अनोळखी माणूस येऊन उभा राहिला. त्याच्या हातात तीच रायफल होती, दस्त्यावर वडिलांनी चाकूने कोरलेल्या अस्वलासकट. ऑर्विलने ती लगेच ओळखली.

"क्लेटन... बरा आहे ना?"

"ठणठणीत आहे. सहा वर्षांपूर्वी ही त्याच्याकडूनच घेतली मी. पुंगळ्याही दर वर्षी तोच विकतो मला. डब्यावरचा पत्ता बघून आलो." माणसाने संकोचत खिशातून सहा चिठ्ठ्या काढल्या.

"या त्याला द्यायला गेलो, तर म्हणाला, त्या डब्याबरोबर येतातच, ठेवा तुम्हीच."