धूसर चेहऱ्याचा माणूस

सर्वसमावेशकता सप्ताहात असेनलाच्या आठवणी ऑफिसातल्या एकेचाळीस जणांनी हेल्मेट घालून अनुभवल्या होत्या, आणि नागालँडहून पुण्यात आलेली ती इंजिनिअर सकाळपासून त्यांनाच डोळे पुसायला टिश्यू पुरवत होती. आता बेचाळिसावे, तिचे मॅनेजर कुलथे सर, हेल्मेट काढून नाक ओढत बसले होते.

"जेवताना सगळ्यांसमोर तुला विचारतो, आज डब्यात कुत्रं आणलंयस का. आणि बाकीचे हसतात. कोण गं हा नालायक? उद्याच्या उद्या काढतो त्याला."

नियमाप्रमाणे आठवणीतले चेहरे धूसर आणि आवाज बदललेले असायचे. असेनला आता पार वैतागली होती. तिनं मूळ चेहरे, मूळ आवाज लावले आणि हेल्मेट पुन्हा सरांच्या हातात दिलं.

तीन मिनिटांनी सरांनी ते काढलं. डोळे कोरडे होते.

"यात काहीतरी बिघाड आहे," ते म्हणाले. "मी असं बोलणंच शक्य नाही. तक्रार नोंदव."

हेल्मेटांची देखभाल तिच्याकडेच होती. तिनं फॉर्म उघडला आणि 'बिघाड कुठे आहे' या रकान्यात कुलथे सरांचं पूर्ण नाव लिहिलं.