ऐनाचा धूर

कोकणावरून यान जायला चार मिनिटं उरली, तशी वैजयंती यंत्राच्या पडद्यापाशी आली. हवेतला प्रत्येक कण कुठून उडाला ते हे यंत्र ओळखायचं. समुद्राचं मीठ, वाळवंटाची धूळ, अगदी कुठल्या झाडाचा धूर तेसुद्धा. वर राहून तिला नऊ वर्षं झाली होती. हाडं इतकी ठिसूळ झाली होती, की आता खाली उतरणं शक्य नव्हतं.

दर वैशाखात तिच्या गावावर ऐनाच्या धुराची बारीक रेघ उमटायची. भातपेरणीआधी आई शेतात ऐनाच्या फांद्या पसरून राब भाजायची, त्याचा तो धूर.

आज गाव आलं आणि गेलं. पडदा कोराच राहिला.

तिनं घाईघाईनं घरी फोन लावला. "आये, बरी हायस ना?"

"मला काय झालंय? औंदा राब भाजलाच नाय, बाय. तू हवा मोजतेस, त्यात आपला धूर कशाला? साफ दिसली ना हवा?"

"दिसली. एकदम साफ. पण आये, भाजत जा. यंत्र नीट चालतंय का, ते तुझ्या धुरावरच कळतं मला."

"असं होय! मग उद्याच पेटवते," आई म्हणाली. "किती वाजता येशील?"