ओबीची शेपटी

"यावर विश्वास ठेवणारा माणूस अजून जन्माला यायचाय," श्यूचिन मावशीनं जाहीर केलं आणि बोकडाच्या रश्शाचा वाडगा बाजूला सारला. "को गुरुजीला मी बुडवलं नाही. माझ्या ओबीनं बुडवलं. आजारी कुत्र्यानं. नुसत्या शेपटीनं!"

कांगशानमधल्या शेअर दलालाच्या हॉलात बसणारी म्हातारी मंडळी दीड वाजता बाजार बंद झाला की समोरच्या खानावळीत जमायची. आज त्यांनी चमचे खाली ठेवले. मागच्या टेबलावर जनावरांच्या डॉक्टर तेंगबाई जेवत होत्या, पण मावशीची त्यांच्याकडे पाठ होती.

को गुरुजीला कोण ओळखत नव्हतं? शेअरची टिप देणाऱ्याला तिथे गुरुजी म्हणतात. शिष्य तळाला गेले तरी गुरुजी तरंगतो. तीन वर्षांपूर्वी यानं मावशीच्या नवऱ्याला स्क्रूच्या कारखान्याचे शेअर घ्यायला लावले. भाव घसरायला लागला तेव्हा म्हणाला, "काका, धरून ठेवा हो! घाबरटाच्या ताटात बोकड पडत नाही." काका धरून बसले. त्याच सकाळी गुरुजी स्वतःचे सगळे विकून मोकळा झाला होता. हे मावशीला कळलं ते नवरा गेल्यावर त्याच्या सातव्या दिवसाच्या जेवणात, दलालाच्या खिडकीवरच्या कारकूनबाईच्या तोंडून. गुरुजी तेव्हा पंगतीत दुसऱ्यांदा भात वाढून घेत होता.

मावशी रडली नाही. तिनं त्याला वर थोडं मटण वाढलं आणि मनाशी ठरवलं: हेच शेअर, याच माणसाच्या गळ्यात.

नवऱ्यामागे तिच्याकडे तीनच वस्तू उरल्या. ते पडेल शेअर, तळ्यावर झिंगे धरायची त्याची गळाची काठी आणि त्याचं काळं कुत्रं ओबी. ओबीचं हृदय सुजलेलं. दिवसातून दोनदा गोळ्या, पंधरवड्याला पोटातलं पाणी काढायचं. त्याला घरी एकटं ठेवता येईना म्हणून मावशी त्याला बाबागाडीत घालून हॉलात आणायची. अंगावर पांघरूण, बाहेर फक्त शेपटी.

"आणि ऐका," मावशी म्हणाली, "भावांचा फळा लाल होणार असला, भाव चढणार असले, की ती शेपटी हलायची. चढायच्या आधी! विचारा लुओ काकांना."

"हलायची," लुओ काका म्हणाले. "मी तीनदा कमावलं. चौथ्यांदा माझा डोळा लागला."

गुरुजी टिंगल करायचा. "आजीबाई, तुमचा सल्लागार लंगोट बांधून बसतो!" पण दर आठवड्याला त्याची खुर्ची एकेक रांग पुढे सरकत होती. मावशी ते बघत होती आणि ओबीला चिमटीनं उकडलेली कोंबडी भरवत होती.

वसंतात अफवा आली की कारखान्याला रॉकेटच्या स्क्रूंची ऑर्डर मिळाली आहे. भाव उठला. नवऱ्यानं घेतला होता तो भाव मागे पडला, त्याच्या दुप्पट झाला. मावशीचा हात मात्र विकायला धजेना. आज विकावं तर उद्या अजून चढेल. एव्हाना तिच्यातही नवऱ्याचं भूत शिरलं होतं.

"मग एका शनिवारी आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'मावशी, अजून एक चांगला दिवस मिळेल म्हणून थांबू नका. चांगल्या दिवशीच सोडायचं असतं. वाईट दिवशी सोडायला आपल्या हातात काही उरत नाही.' मी विचारलं, हे शेअरलाही लागू का? अशा बघायला लागल्या माझ्याकडे!"

मंडळी हसली. मागच्या टेबलावर कुणी हसलं नाही.

मंगळवारी मावशीनं बाबागाडी थेट फळ्यासमोर उभी केली. आणि शेपटी अशी हलली म्हणता, कधी हलली नव्हती तशी. ताठ, कोंबड्याच्या पिसांच्या झटकणीसारखी झुपकेदार. "आजीबाई, औषध लागू पडलं वाटतं!" असं ओरडत गुरुजी खिडकीकडे पळाला. घर गहाण टाकून उचललेले पैसेसुद्धा त्यानं स्क्रूच्या शेअरवर लावले. शेजारच्या खिडकीवर मावशीची चिठ्ठी आधीच गेली होती: सगळे विका.

बुधवारी कारखान्यानं सांगितलं, कसलं रॉकेट? आम्ही खुर्च्यांचे स्क्रू करतो. फळा हिरवा पडला; तिथे चढ लाल, उतार हिरवा. घसरण नऊ दिवस थांबली नाही. नवव्या दिवशी मावशी गुरुजीच्या कानाशी वाकली.

"धरून ठेवा हो, गुरुजी," ती गोड आवाजात म्हणाली. "घाबरटाच्या ताटात बोकड पडत नाही."

खानावळीत टेबलं बडवली गेली. मावशीनं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"आणि माझा ओबी! मालकाचा सूड घेतला आणि बुधवारी पहाटे माझ्या मांडीवर डोळे मिटले. कामगिरी संपल्याशिवाय गेला नाही, इमानी पोर."

लुओ काकांनी नाक शिंकरलं. मावशी खाली बघत, नवऱ्याच्या काठीचा उरलेला दोरा बोटाला गुंडाळत बसली. हा भाग सांगताना तिचा आवाज खरोखरच फुटला.

मागची खुर्ची सरकली.

"बुधवारी?" डॉक्टर तेंगबाई म्हणाल्या. "मावशी, ओबीला आपण दोघींनी त्या शनिवारीच निरोप दिला. त्याचा पंजा तुमच्याच हातात होता. मग मंगळवारी गाडीतून शेपटी कुणाची हलत होती?"