दोन्हीकडे छापा

भिंगकाकांनी नाणं पालथं केलं. मागच्या बाजूलाही छापाच होता.

"टांकसाळीची चूक असेल ना?" समोर बसलेल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "अशी चुकलेली नाणी तुम्ही विकता असं ऐकलं, म्हणून आले."

त्यांनी ऐकलं ते खरंच होतं. भिंगकाकांचं दुकान म्हणजे चुकांचंच दुकान. छाप एका अंगाला घसरलेली नाणी, मागून कोरी राहिलेली नोट, शूर शिपायाचं नावच चुकीचं कोरलेलं पदक, सगळं ते कापसावर निगुतीनं मांडून ठेवत आणि दर तीन महिन्यांनी त्याची यादी संग्राहकांना पाठवत. चाळीस वर्षं भिंग लावून त्यांची डावी भुवई कायमची वर चढली होती. हे झोपेतही चकित झालेले दिसतात, असं त्यांची बायको म्हणे.

आज भुवई खरोखरच चढली. त्यांनी नाणं काचेवर टाकून त्याचा आवाज ऐकला, तराजूत घातलं. तसंच एक साधं नाणं काढून शेजारी ठेवलं आणि बराच वेळ दोन्हींकडे आळीपाळीनं पाहत राहिले.

ही टांकसाळीची चूक नाही, त्यांनी सांगितलं. हे कुणीतरी हातानं केलंय. एक नाणं आतून वाटीसारखं कोरलंय आणि दुसऱ्याचा छापा पातळ तासून झाकणासारखा त्यात बसवलाय. जादूगार अशी नाणी वापरतात, पण ती बद्द वाजतात. हे खणखणीत वाजत होतं. वजनात केसाचा फरक नव्हता. आणि जोड कडेच्या आत अशी काही लपवली होती, की भिंगातूनही ती काकांना तिसऱ्या खेपेला सापडली.

"असं काम मी जन्मात पाहिलं नाही," ते म्हणाले. "करणाऱ्याचे हात बघायला हवेत. यादीत पहिल्या पानावर घेतो. कुणी केलंय?"

"बाबांनी," बाई म्हणाल्या आणि त्यांचा चेहरा उतरला.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. वडील वजनं आणि तराजू बनवायचे. घरामागेच छोटा कारखाना होता, एक लेथ आणि जमिनीवर पितळेचा कीस. मुली दोन. आजारपणात ताईचं एक वर्ष गेलं, त्यामुळे दोघी बहिणी एकाच वर्गात शिकल्या आणि दोघींनाही डॉक्टरकीला प्रवेश मिळाला. ताईला गुण जास्त होते. बापाची ऐपत मात्र एकीलाच शिकवण्याची होती. कुणाला हो म्हणायचं आणि कुणाचं मन मोडायचं, या विचारानं बाबांना आठ दिवस घास गोड लागला नाही. शेवटी घरात छापा-काटा करायचं ठरलं. ताईनं नेहमीसारखा काटा मागितला. लहानपणापासून तिचा काटाच. तिनं गल्ल्यातून नाणं आणून दिलं, बाबांनी ते उडवून तळहातावर झेललं. छापा पडला.

धाकटी डॉक्टर झाली. शाळा सुटल्यावर कारखान्यात राबणारी ताई आता कायमचीच तिथे राहिली.

बाबा गेल्या वर्षी वारले. पंधरवड्यापूर्वी कारखान्यातले जुने खण आवरताना धाकटीला हे नाणं सापडलं. ताईच्या नजरेस पडायच्या आत तिनं ते पर्समध्ये टाकलं होतं.

"ताई काटाच मागणार, हे बाबांना ठाऊक होतं," बाई म्हणाल्या. "तीस वर्षं मी स्वतःला नशीबवान समजत होते, काका. माझ्यासाठी बाबांनी तिचा गळा कापला."

त्यांना पैसे नको होते. नाणं फक्त लांब कुठेतरी जावं, पुन्हा या गावात दिसू नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

काकांचा जीव त्या नाण्यात अडकला होता, तरी त्यांनी ते बाईंकडे सरकवलं. वडिलांच्या मागे वस्तू दोघींची. ताईंच्या संमतीवाचून आपण ती घेणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. बाई उठल्या तेव्हा मात्र त्यांना राहवलं नाही.

"एवढा जीव ओतून केलेलं काम कुणाला लुबाडायला करत नाहीत, बाई. एकदा ताईंशी बोला."

दुपारी बाई कारखान्यात गेल्या. दारापर्यंत जाऊन दोनदा माघारी फिरल्या. ताई लेथवर वाकली होती, चष्मा नाकाच्या टोकावर आणि केसांत पितळेचे चकाकते तुकडे. बहिणीला पाहताच तिनं जेवलीस का म्हणून विचारलं.

धाकटीनं नाणं तिच्यापुढे ठेवलं. भिंगकाकांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. बाबांवरचा राग, स्वतःची लाज, काही बाकी ठेवलं नाही. एवढं थोर काम आणि ते असल्या पापासाठी, असं म्हणताना तिला हुंदका आवरेना. बाबांच्या वतीनं मीच तुझी माफी मागते, ती म्हणाली.

ताईनं लेथ बंद केला. हात पुसून नाणं उचललं आणि त्याच्या कडेवरून अंगठ्याचं नख सावकाश फिरवलं.

"जन्मात पाहिलं नाही म्हणाले?" तिनं विचारलं.

धाकटीनं मान हलवली.

"बाबांना बोल लावू नकोस. ते बिचारे मरेपर्यंत नशिबालाच दोष देत राहिले," ताई म्हणाली. "सात नाणी वाया घालवली, तेव्हा कुठे मला हे एक जमलं."