बिल्ला नंबर ४८६११

“पप्पा, तुमचा बिल्ला नंबर मूळ संख्या आहे का?”

माथाडी टोळीचे मुकादम उदयसिंहतात्या समोर चहा पीत बसलेले, आणि उत्कर्षाने हे विचारलं. गणिताच्या बाईंनी घरातली एखादी पाच आकडी मूळ संख्या शोधून आणायला सांगितली होती. बाकीच्या पोरी लाइटबिलं धुंडाळणार होत्या. मैत्रीण जाई म्हणाली होती, “तू तुझ्या पप्पांना विचारून दाखव. बोलले तर मानलं तुला!”

तिचा बाप ज्ञानू कंबरेला पट्टा बांधून चटईवर पडला होता. तीस वर्षं तुर्भ्याच्या मार्केटात गोण्या वाहून पाय बधिर झाले होते. महिन्याभरापासून त्याने बोलणंही टाकलं होतं. छताकडे बघतच तो म्हणाला, “अठ्ठेचाळीस हजार सहाशे अकरा.”

“बोलला की गडी!” तात्या हसले. मग त्यांनी फॉर्म पुढे सरकवला. “ज्ञानबा, सोमवारपर्यंत वारसाचं नाव पायजे. नायतर बिल्ला आन् टोळीतली जागा गेली म्हणून समज.”

उत्कर्षाने वही उघडली. संख्येच्या वर्गमुळापर्यंतच भागून बघायचं, पुढे गरज नाही. म्हणजे दोनपासून दोनशे अकरापर्यंतच्या मूळ संख्या. सत्तेचाळीस भागाकार. सातने भागलं, बाकी तीन. अकराने, बाकी दोन.

“वन्संच्या राजवर्धनचं घाला,” उत्कर्षाची आई शकुबाई म्हणाली. “बारावी झाली की हिचं त्याच्याशीच उरकून टाकू. बिल्ला पण घरात ऱ्हातोय, पोरगी पण.”

तेराने, बाकी चार.

“पोरीला विचारलंस का, वहिनी?”

“तिला काय विचारायचं? तिच्या भल्याचंच हाय की.”

उत्कर्षाला राग यायला हवा होता. आला नाही. आईचा आवाज शेजारच्या टीव्हीसारखा भिंतीपलीकडून येत होता. बोटं तेवढी चालत होती. सतराने, बाकी आठ. एकोणीसने, बाकी नऊ.

तात्यांना दुसरा चहा आला. लग्नाचा हॉल कोपरखैरण्यात घ्यायचा की साताऱ्याला, इथवर बोलणं गेलं. ज्ञानू छताकडेच बघत होता.

दोनशे अकराने, बाकी एक्क्याऐंशी. संपलं. कुठल्याच संख्येने भाग गेला नव्हता.

तिने वही मिटली. फॉर्म स्वतःकडे ओढला.

“बाळा, जपून,” तात्या म्हणाले. “त्यावर खाडाखोड चालत न्हाय.”

“खाडाखोड नाही, तात्या.”

तिने सावकाश, मोठ्या अक्षरात लिहिलं. पेनाला टोपण लावलं.

“पप्पा, आई, वारसात मी माझं नाव लिहिलंय. मला अठरा पूर्ण झालीत. गोणी नाही उचलली तर काट्यावर वजनं घ्यायला उभी राहीन. आत्याला आजच फोन करून सांगा, हॉल बघू नका म्हणून.”