ओढून पाहिलेलं कुलूप

आमच्या ह्यांच्या लिव्हरमधली कॅन्सरची गाठ काढून दोन महिने झाले. ती परत येऊ नये म्हणून नळीतून थेट लिव्हरमध्ये औषध सोडायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. आज अकराची वेळ दिली होती. पण ह्यांचं एकच पालुपद, “गाठ गेली, रिपोर्ट क्लीन आला. आता नसलेल्या रोगाला औषध कशाला?”

आठ दिवस वाद घालून मी थकले. शेवटी साडेनऊला म्हटलं, “बरं, निदान जवाहर चौकातून पडद्यांचं कापड तरी आणू या.” त्याला मात्र हे लगेच तयार झाले.

घराजवळच्या पिपलानीच्या बसस्टॉपवर पोचलो आणि ह्यांची चुळबुळ सुरू झाली.

“वसुधा, कुलूप नीट लागलंय ना?”

“अहो, तुम्हीच लावलंत. तीनदा ओढूनही पाहिलंत.”

“तरी एकदा बघून येतो.”

पोटावर हात धरून हे क्वार्टरवर परत गेले, दोन जिने चढले, उतरले आणि धापा टाकत आले.

“लागलेलं होतं.”

“मग कशाला गेलात?”

“अगं, राहिलं असतं तर?”

मी नुसती ह्यांच्याकडे बघत राहिले. तेवढ्यात बस आली. कंडक्टर ओरडला, “अंकल, जवाहर चौक! चलना है क्या?” हे जागचे हलले नाहीत. बस गेली.



“दवाखान्याची वेळ कितीची होती गं?” ह्यांनी विचारलं, आणि मी पिशवीच्या तळाशी सकाळीच ठेवलेली रिपोर्टची फाईल वर काढली.