मर्सीची खळी

बॉस्टनजवळच्या त्या गावात कुणीही मरो, पेशन्सचा पाथरवट नवरा थडग्याच्या दगडावर देवदूत कोरी, आणि देवदूताच्या गालावर हटकून मर्सीची खळी पडे. मर्सी म्हणजे त्याची पहिली, वारलेली बायको. चर्चला जाताना पेशन्सला ती दगडादगडावर भेटायची.

क्षयाने अंथरूण धरल्यावर पेशन्स म्हणाली, “माझ्या दगडावर जुन्या थडग्यांवर असते तसली कवटी कोरा. गालच नाहीत तिथे खळी कुठे पाडता, बघते.”

दगड पुरा झाल्यावर त्याने तिला धरून अंगणात आणलं. कवटीचा पुढचा दात अर्धा तुटलेला होता. अगदी तसलाच आपला दात लपवायला पेशन्स लग्नापासून तोंडावर हात धरून हसायची.

तिने त्या दातावरून बोट फिरवलं.

“आता गावात कुणीही मरो,” ती म्हणाली, “कवटीच कोरायची.”